माशांच्या अंगावरचे पांढरे ठिपके

वसंतातील व्याख्यानांत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असले भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या पंक्तीत काचेच्या टाकीतील माशांचे दुखणे आणून बसविले, याचे काहींना हसू आले असेल. आम्हालाही विषय कळविताना थोडा संकोच वाटलाच. परंतु गाय आजारी पडली तर तिच्यासाठी दवाखाना आहे, कुत्र्यासाठी आहे, हल्ली मांजरासाठीही आहे. बोटभर माशाला घेऊन कोठे जावयाचे, असे विचारणारी माणसे आम्हाला वरचेवर भेटतात. त्यांत बहुतेक लहान मुलांचे आईबाप असतात. मुलाने हट्टाने आणलेला मासा तिसऱ्या आठवड्यात ठिपक्यांनी भरतो, दुकानदार एखादी रंगीत बाटली देतो किंवा बाटली संपली म्हणून सांगतो, आणि दोन दिवसांनी घरात रडारड होते. औषध हाताशी नसताना काय करावे, आणि असले तरी काय करू नये, एवढाच आजचा विषय आहे.

आधी आमची स्वतःची चूक सांगतो. पुढचे सारे तिच्यातूनच शिकलेले आहे.

शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्यापासून जवळच आमचे बिऱ्हाड. घरात दोन फुटी टाकी आणि तीत पाच गोल्डफिश. एका फाल्गुनात त्यांतील दोघांच्या कल्ल्यांच्या झाकणांवर पांढरे दाणे दिसू लागले. मोहरीहून लहान, कोणी ओळीने मांडावेत तसे. आम्ही घाबरलो आणि हिरव्या पाण्याची एक बाटली विकत आणली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती, आत काय आहे हे कोठेही लिहिलेले नव्हते. ‘एक झाकण टाका’ एवढे तोंडी सांगण्यात आले. आम्ही एक झाकण टाकले. रात्री धीर सुटला म्हणून आणखी एक टाकले. सकाळी पाचही मासे पोट वर करून तरंगत होते.

पुढे कित्येक महिन्यांनी आमच्या वाचनात आले की ते दाणे रोगाचे नव्हतेच. गोल्डफिशचा नर विणीच्या हंगामात कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीजवळच्या परांच्या पुढच्या कडेवर असे दाणे मिरवतो, आणि हंगाम सरला की ते आपोआप जातात. वसंत आला, एवढेच ते दोन मासे सांगत होते. अगदी निरोगी जनावरांना आम्ही औषध पाजून मारले होते.

तेव्हा बाटलीकडे हात जाण्याआधी टाकीपुढे पंधरा मिनिटे स्वस्थ बसून पाहावे. खऱ्या ठिपक्यांच्या रोगात ठिपके ओळीने नसतात; बारीक मीठ भुरभुरावे तसे ते अंगावर, परांवर, शेपटीवर कसेही विखुरलेले असतात आणि एका दिवसात त्यांची संख्या वाढते. ठिपके दिसण्याआधी कित्येकदा मासा दगडावर, वाळूवर अंग घासू लागतो, पर मिटून घेतो, अन्नाला तोंड लावीत नाही, हवेच्या बुडबुड्यांजवळ उभा राहून भराभर कल्ले हलवितो. ठिपके सोनेरी धुळीसारखे फारच बारीक असतील तर तो रोग निराळा. कापसासारखा पुंजका असेल तर ती बुरशी. आणि अंगावर काहीही नसताना सगळेच मासे पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकीत असतील, तर दोष बहुधा पाण्यात असतो. खाऊन उरलेले अन्न आणि माशांची विष्ठा कुजून अमोनिया साठतो आणि तो कल्ल्यांना पोळतो. अशा वेळी औषध घालणे म्हणजे धुराने गुदमरलेल्या माणसाच्या खोलीत उदबत्ती लावण्यासारखे आहे. त्या माशांना हवे असते निम्मे पाणी बदलून, आणि दोन दिवस उपास.

खऱ्या रोगाशी आमची गाठ २०२० च्या मार्चअखेरीस पडली. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली, आणि किराणा, दूध, औषधे यांखेरीज सारा बाजार बंद पडला. शहागंजचा चौक इतका मोकळा आम्ही जन्मात पाहिला नव्हता. तीनचार दिवसांनी खालच्या बिऱ्हाडातला सातवीतला मुलगा जिना चढून आला आणि दारातूनच म्हणाला, “आजोबा, माशांना कांजिण्या होतात का हो?”

त्याच्या टाकीत चार गोल्डफिश आणि काचेला तोंड लावून शेवाळ खाणारा एक काळा सकर मासा होता. चारांपैकी एक टाळेबंदीच्या आधीच्या आठवड्यात नवा आणलेला. पिशवी फोडून पाण्यासकट त्याला टाकीत सोडले होते. रोग त्या पिशवीतूनच आला असणार. चारही माशांवर ठिपके होते. नव्याच्या अंगावर तर मोजता येऊ नयेत इतके. सकरच्या काळ्या अंगावरही तीनचार दिसत होते. माशांचे दुकान बंद, बाहेरगावाहून काही मागवावे तर टपाल आणि कुरिअर दोन्ही ठप्प. मुलाचा चेहरा पाहून आम्हाला आमचे पाच मासे आठवले.

त्याला बसवून आम्ही जे सांगितले, तेच आता आपणांस सांगतो.

हा ठिपका म्हणजे एका पेशीचा जीव आहे. फुके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १८७६ साली त्याचे वर्णन केले. त्याचे शास्त्रीय नाव इक्थिऑप्थिरियस मल्टिफिलीस; त्याचा अर्थ ढोबळपणे ‘अनेक लेकरांची माशांवरची ऊ’ असा होतो. नावाप्रमाणेच त्याचे वागणे आहे. तो माशाच्या कातडीच्या वरच्या पापुद्र्याखाली शिरतो आणि तेथे बसून माशाच्या पेशी खात वाढतो. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे वाढलेला जीव आणि त्याच्याभोवती सुजलेली माशाची कातडी. वाढ पुरी झाली की तो कातडी फोडून बाहेर पडतो, काही वेळ पोहतो, बुडाच्या वाळूला, दगडाला किंवा पानाला चिकटतो आणि स्वतःभोवती चिकट कवच करतो. त्या कवचात एकाचे दोन, दोनाचे चार असे होत शेकडो पिले तयार होतात. कधी ही संख्या हजारावर जाते. कवच फुटते आणि ती पिले मासा शोधीत पाण्यात सुटतात. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. त्यांच्याजवळ शिदोरी फार थोडी असते. एकदोन दिवसांत मासा सापडला नाही तर त्यांतील बहुतेक उपाशी मरतात.

या एवढ्या चरित्रात साऱ्या उपायांचे मर्म आहे. मासा अंगावर जो ठिपका वागवतो, त्याच्यापर्यंत पाण्यात घातलेले औषध सहसा पोहोचतच नाही. त्याला माशाच्या कातडीचेच पांघरूण आहे. दुकानातील महागड्या बाटलीचीही गत तीच. औषध लागू पडते ते पाण्यात पोहणाऱ्या उघड्या पिलांना. म्हणजे काय, तर आज दिसणाऱ्या ठिपक्यांना आपण मारू शकत नाही. ते आपण होऊन गळून पडेपर्यंत वाट पाहावयाची आणि त्यांची पिले परत माशावर चढणार नाहीत असा पहारा ठेवावयाचा. पुष्कळांची फसगत येथेच होते. दोन दिवस औषध घालतात, तिसऱ्या दिवशी ठिपके गेलेले दिसतात, गुण आला म्हणून थांबतात. ठिपके गेले नसून बुडाशी बाळंत होत असतात! आठवड्याने शेकडो ठिपके उगवतात आणि दोष औषधाला दिला जातो.

पहारा किती दिवस ठेवावा हे पाण्याच्या उष्णतेवर ठरते. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हा सारा फेरा पाचसहा दिवसांत, कधी त्याहून लवकर पुरा होतो. १५ अंशांना दोन आठवडे लागतात, १० अंशांना महिन्याहून अधिक. तीस अंशांच्या वर या जीवाची वाढ अडखळते. काही जाती मात्र त्याही उष्णतेत तग धरतात. मराठवाड्याचा उन्हाळा माणसाला नकोसा असला तरी या बाबतीत माशाच्या बाजूचा आहे. आमचा अनुभव असा की आपल्याकडे हा रोग डिसेंबर-जानेवारीत, रात्री टाकी एकदम गार पडते तेव्हा जोर करतो. गारठ्याने मासा मंदावतो, फेरा लांबतो, आणि पहारा महिनाभर द्यावा लागतो. मुलाच्या टाकीतील पाणी त्या दिवशी २८ अंशांवर होते. घरात माणसाचा थर्मामीटर होता, पण तो ३५ च्या खाली दाखवीत नाही. मुलाच्या वडिलांनी फोटो धुण्याच्या जुन्या छंदातली काचेची उष्णतामापक नळी शोधून काढली.

आता औषध. टाळेबंदीतही कोपऱ्यावरचा वाणी सकाळी दुकान उघडीत होता, आणि त्याच्याकडे मीठ होते.

मीठ काम कसे करते ते समजून घेणे चांगले. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात दर लिटरला सुमारे ९ ते १० ग्रॅम क्षार असतात, बाहेरच्या पाण्यात जवळजवळ नसतात. त्यामुळे बाहेरचे पाणी सतत माशाच्या अंगात झिरपत राहते आणि माशाचे मूत्रपिंड ते सतत बाहेर टाकीत राहते. कातडी धड असते तोवर हे बिनबोभाट चालते. शेकडो ठिपक्यांनी ती फुटली की पाणी भोकांतून आत घुसू लागते आणि क्षार बाहेर जातात. मासा थकून मरतो तो पुष्कळ अंशी यामुळे. पाण्यात थोडे मीठ घातले की आतल्या-बाहेरच्या पाण्यातील अंतर कमी होते आणि माशाचा भार हलका होतो. कवचातून नुकत्याच सुटलेल्या पिलांना मात्र तेवढाही खारेपणा झेपत नाही. एकाच चमच्यात पथ्य आणि औषध दोन्ही आहे.

प्रमाण असे. गोल्डफिशसाठी दर लिटरला ३ ग्रॅमपर्यंत जावे, पण एकदम नव्हे. पहिल्या दिवशी लिटरला १ ग्रॅम, बारा तासांनी आणखी १, आणि मासे स्वस्थ असतील तर पुन्हा बारा तासांनी शेवटचा १. त्यासाठी आधी टाकीत पाणी किती आहे ते कळावयास हवे. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा आणि हजाराने भागावे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीचा हिशेब ५४ लिटर येतो. परंतु वर सोडलेली जागा आणि तळचे खडे वजा जाता पाणी ४५ लिटरच्या आसपास भरते. म्हणजे एका खेपेस ४५ ग्रॅम मीठ, तीन खेपांत १३५. चमच्याने मोजू नये. खडे मीठ आणि बारीक मीठ यांच्या एका चमच्याचे वजन सारखे नसते. वाण्याच्या काट्यावर तीन पुड्या बांधून आणाव्यात. मुलाने तसेच केले, आणि वाण्याने त्या मिठाचे पैसे घेतले नाहीत.

मीठ माशांवर ओतू नये. टाकीतलेच तांब्याभर पाणी एखाद्या भांड्यात घेऊन त्यात ते पुरते विरघळवावे आणि अर्ध्या तासात थोडे थोडे सोडावे. आयोडीनच्या मिठाने मासे मरतात अशी समजूत आहे; मिठात असते तेवढे आयोडीन माशाला बाधत नाही. पण खडे मीठ मिळत असेल तर तेच घ्यावे, कारण बारीक मीठ मोकळे राहावे म्हणून त्यात मिसळलेले पदार्थ आपल्याला नको आहेत. आणखी एक गोष्ट हिशेबी माणसेही विसरतात. टाकीतले पाणी उन्हाळ्यात वाफ होऊन उतरते. पाणी जाते, मीठ मागे राहते. ती तूट भरताना साधे पाणीच घालावे. नव्याने मीठ घालावयाचे ते आपण काढून टाकलेल्या पाण्यापुरतेच. ४५ पैकी १० लिटर काढले असतील तर नव्या १० लिटरांत ३० ग्रॅम. हे ध्यानात न ठेवता रोज चिमूटभर टाकणारे आठवड्याने समुद्र करून बसतात. मिठाचे काढलेले पाणी तुळशीला घालू नये, हे सांगणे नको.

रोज सकाळी रबरी नळीने बुडातला गाळ ओढून काढावयाचा. हे काम कंटाळवाणे, पण मिठाइतकेच मोलाचे. बुडाशी चिकटलेली कवचे त्यात जातात आणि त्यांच्याबरोबर उद्याची शेकडो पिले जातात. हवेचा पंप अखंड चालू ठेवावा. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीच्या हिशेबाने २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच. आजाऱ्याचे कल्ले आधीच ठिपक्यांनी भरलेले असतात. वीज गेली तर तांब्याने पाणी उचलून वरून धार सोडीत राहावे. दर दहा मिनिटांनी पाचपंचवीस तांबे.

सकरला मीठ मानवत नाही. त्याच्यासारखे मिशांचे, बिनखवल्याचे मासे मिठाने लवकर व्याकूळ होतात. नाजूक टेट्रा मासे आणि पाणवनस्पतीही तशाच. त्याच्यासाठी आम्ही औषधावाचूनचा उपाय केला. दोन बादल्या घ्याव्यात. पहिलीत दहा लिटर मुरवलेले, त्याच उष्णतेचे पाणी घेऊन मासा ठेवावा. बारा तासांनी त्याला वाडग्याने अलगद उचलून दुसरीत न्यावे, पहिलीचे पाणी फेकावे, बादली घासून कडक उन्हात पालथी घालावी. बारा तासांनी उलट. माशावरून गळलेला जीव बुडाशी चिकटतो, आणि त्याची पिले बाहेर पडण्याआधीच मासा दुसऱ्या घरी गेलेला असतो. मागे उरते ते उन्हाने वाळून जाते, कारण कोरडेपणा या जीवाला मुळीच सोसत नाही. आठवडाभर न चुकता असे केले की माशाच्या अंगावर उतरून जाण्यासारखे काही उरत नाही. थंडीत मात्र दिवस वाढवावे लागतात.

उपाय फुकटचा आहे, पण रोज वीस लिटर पाणी मागतो, आणि आपल्या शहरात खरी पंचाईत तीच. पाणी येते सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या पैठणच्या नाथसागरातून, आणि गेली कित्येक वर्षे ते नळाला काही दिवसांआडच येत आले आहे. माणसे पिंपे भरून ठेवतात तेथे माशाला वीस लिटर मागणे धारिष्ट्याचे काम. ही तंगी आजची नव्हे. मलिक अंबरने सतराव्या शतकात नहरी खणून शहराला पाणी आणले. पुढे अठराव्या शतकात दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली याने या आमच्या शहागंजातच मोठा हौद बांधावयास घेतला, आणि उन्हाळ्यात पाणी दुर्मिळ होते तेव्हा त्या हौदाने रहिवाशांचे हाल वाचतात, असे खाफीखान या इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहे. खालच्या बिऱ्हाडात सकरच्या पाण्यावरून दोन दिवस कुरबुर झाली. अखेर त्या पाण्याने शौचालय धुवावयाचे असे ठरले आणि घरात शांतता झाली.

पाणी नळाचे असो वा टँकरचे, त्यात जंतू मारण्यासाठी घातलेला क्लोरीन असतो आणि तो माशाच्या कल्ल्यांना घातक आहे. उघड्या बादलीत चोवीस तास ठेवले की साधारणपणे तो उडून जातो. घाई असेल तर हायपोचा खडा चालतो. एके काळी फोटोच्या अंधाऱ्या खोलीत पोतीच्या पोती खपणारा हाच तो हायपो, माशांच्या दुकानांत क्लोरीन मारण्यासाठी मिळतो. बोअरचे पाणी आपल्या काळ्या खडकातून येते म्हणून जड असते. गोल्डफिश आणि गप्पी यांची त्याबद्दल तक्रार नसते, फक्त उपसल्याबरोबर वापरू नये. काही तास हवेत राहू द्यावे, ढवळावे, टाकीइतके गरम किंवा गार होऊ द्यावे.

आता त्या रंगीत बाटल्यांविषयी. बहुधा तीन रंग दिसतात. निळी मिथिलीन ब्लूची, पिवळी ॲक्रिफ्लेविनची आणि हिरवी मॅलाकाइट ग्रीनची. ही मुळात सारी रंगद्रव्येच. मिथिलीन ब्लू जर्मनीत हाइन्रिश कारो याने तयार केले तेही १८७६ साली, म्हणजे फुकेने आपल्या शत्रूचे वर्णन केले त्याच वर्षी. आणि १८९१ मध्ये पॉल एर्लिश व गुटमान यांनी ते हिवतापाच्या रोग्यांना देऊन पाहिले. माशांच्या अंड्यांवरील बुरशीला ते चांगले, ठिपक्यांना मात्र बेताचेच. ठिपक्यांवर खरे जोरदार ते हिरवे. पण त्यात गुण आणि घात यांमधली फट फार अरुंद आहे. खाण्याच्या माशांसाठी त्याला भारतासह अनेक देशांत मनाई आहे, कारण माणसाच्या आरोग्यालाही त्याची भीती वाटते. बाटलीवर नाव, तीव्रता आणि प्रमाण छापलेले असेल, टाकीतील पाणी मोजलेले असेल, तर जाणत्याने हातमोजे घालून वापरावे. चिठ्ठीवाचूनची बाटली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. आमचे पाच मासे तिनेच नेले.

विहिरीत टाकावयाचे जांभळे पोटॅशियम परमँगनेट घरोघर ठाऊक आहे, आणि मत्स्यतळ्यांत ते वापरतातही. त्याचे प्रमाण लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम. म्हणजे ४५ लिटरांना ९० मिलिग्रॅम. मिठाच्या हिशेबात आपण ग्रॅम मोजीत होतो. येथे चूक करण्याची मुभा हजारपटीने आकसली. ९० मिलिग्रॅम तोलील असा काटा वाण्याकडे नसतो आणि आपल्याकडेही नसतो. चिमूट थोडी मोठी झाली की कल्ले भाजतात. म्हणून ते टाकीत घालू नये. हातजाळी आणि रिकामी भांडी धुण्यास ते उत्तम. तांब्याचेही तसेच. सूक्ष्म प्रमाणात तांबे काही परोपजीवींना मारते हे खरे, परदेशात पूर्वी हौशी लोक टाकीत तांब्याची नाणी टाकीत हेही खरे, पण नाण्यातून किती उतरले हे कोण सांगणार? तांब्याच्या घंगाळात मासे ठेवणारे एक गृहस्थ आम्हास माहीत आहेत. आता ते घंगाळात झेंडू लावतात.

कडुनिंब, हळद, लसूण यांचीही नेहमी विचारणा होते. तिन्हींवर संशोधन चालू आहे, पण घरी करता येईल असे भरवशाचे प्रमाण त्यातून हाती आलेले नाही. कडुनिंबाचा अर्क जास्त झाला तर माशालाच बाधतो, हळदीने पाणी गढूळ होऊन कल्ल्यांत कण बसतात. लसणाचा रस लावून दाणा खाऊ घातला तर अपाय नाही. त्यावर विसंबून मीठ मात्र टाळू नये.

सगळेच परोपजीवी मिठाने जात नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. माशाची ऊ म्हणतात तो आर्ग्युलस, चपटा, पारदर्शक, चारपाच मिलिमीटरांचा, अंगावर सरकताना दिसतो. कार्प जातीच्या माशांवर आपल्याकडे तो पुष्कळ आढळतो. लर्निया नावाचा किडा दोऱ्याच्या तुकड्यासारखा अंगातून लोंबतो. हे दोन्ही हाताने काढावे लागतात. मासा ओल्या, मऊ फडक्यात धरावा, बोथट चिमट्याने ऊ उचलावी. दोऱ्यासारखा किडा मुळाशी धरून सावकाश ओढावा, कारण त्याचे नांगरासारखे डोके मांसात रुतलेले असते आणि तुटून आत राहिले तर जखम चिघळते. मासा मिनिटभराहून अधिक पाण्याबाहेर ठेवू नये. त्यांची अंडी-पिले टाकीत राहतात, म्हणून तीन आठवडे रोज पाहणी करावी. कल्ल्यांतील कृमी भिंगाशिवाय दिसत नाहीत आणि त्यांना प्राझिक्वांटेलसारखे औषध लागते. तेथे पशुवैद्यकाचाच सल्ला घ्यावा. गोळी माणसांच्या औषधांत मिळते म्हणून अंदाजाने कुटून घालू नये.

आजारी मासा खाम नदीत, विहिरीत किंवा पाणचक्कीच्या हौदात नेऊन सोडण्याची दयाळू कल्पना काही जणांना सुचते. पाणचक्कीच्या हौदातील मासे पाहण्यास आपण पाहुण्यांना मुद्दाम नेतो. एका माशाबरोबर काय काय तेथे पोहोचेल, ते वर सांगितलेच आहे.

खालच्या बिऱ्हाडातील नवा मासा तिसऱ्या दिवशी गेला. त्याच्या कल्ल्यांतच ठिपके भरले होते, आणि तेथे मिठाला उशीर झाला होता. मुलगा रडला, पण त्याने गाळ काढणे सोडले नाही. सहाव्या दिवशी उरलेल्या तिघांवर ठिपके बोटांवर मोजण्याइतके राहिले, आठव्या दिवशी एकही दिसेना. तेव्हा त्याने मीठ काढू का म्हणून विचारले. आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पुढच्या सात दिवसांवर पेन्सिलीने फुल्या मारल्या. त्या सात दिवसांत टाकी अगदी स्वच्छ दिसत होती, म्हणूनच गाळ काढण्याचा सर्वांत जास्त कंटाळा त्याच आठवड्यात आला. एप्रिलच्या मध्यास तीन गोल्डफिश अंगावर डाग नसलेले, खादाड झाले होते. या रोगातून उठलेल्या माशाच्या अंगी त्याच्याविरुद्ध काही काळ बळ राहते. तिघांवर तो पुन्हा दिसला नाही. मग दर तीन दिवसांनी थोडे थोडे पाणी बदलून मीठ उतरविले, आणि त्यानंतरच बादलीतला सकर आपल्या घरी गेला.

पुढे बाजार उघडल्यावर त्या मुलाने दोन नवे मासे आणले. पिशवीचे पाणी मोरीत ओतले, मासे आमच्याच एका बादलीत निराळे ठेवले, आणि तीन आठवडे मोजण्यासाठी पेन्सिल मागावयास वर आला. पेन्सिल परत मिळाली. बादली अजून खालीच आहे.